डोहाळे ते हक्क : महाराष्ट्रातील गर्भिणीच्या अपेक्षांचा इतिहास

गरोदरपणात काय घडेल आणि काय अपेक्षावे, हा प्रश्न सामान्यतः वैद्यकाचा समजला जातो. पहिल्या महिन्यांत मळमळ होईल, पाचव्या महिन्याच्या सुमारास गर्भाची हालचाल जाणवू लागेल, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून सुमारे २८० दिवसांनी प्रसूती होईल, हे ज्ञान स्थलकालानुसार फारसे बदलत नाही. परंतु ‘अपेक्षा’ या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे. गर्भिणीने घराकडून, धन्याकडून आणि राज्यसंस्थेकडून काय मागावे व तिला काय मिळावे, असा तो अर्थ होय. शरीराचा क्रम सर्वत्र एकच असला तरी या दुसऱ्या अर्थाने गर्भिणीची स्थिती प्रत्येक काळी आणि प्रत्येक वर्गात निराळी राहिलेली आहे. प्रस्तुत निबंधात महाराष्ट्रापुरता या दुसऱ्या अपेक्षेचा विकास पाहावयाचा असून, त्यासाठी इंद्रायणीकाठचे तळवडे हे गाव आणि त्याच्या भोवतालचा पिंपरी-चिंचवड-चाकण हा औद्योगिक पट्टा दृष्टीसमोर ठेवला आहे. देहू-आळंदी मार्गावरील हे शेतकरी गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. आज तेथे संगणक-उद्योगाची वसाहत आहे व लहान कारखान्यांच्या पत्र्याच्या शेडही आहेत. गर्भिणीच्या अपेक्षेची जुनी आणि नवी रूपे एकाच गावात शेजारी शेजारी पाहावयास मिळावीत, अशी ही जागा आहे.

१. ‘डोहाळे’ या शब्दाची साक्ष

मराठीतील ‘डोहाळे’ हा शब्द संस्कृत ‘दोहद’, प्राकृत ‘दोहळ’ या परंपरेतून आला आहे. त्याचा संबंध ‘दौर्हृद’ किंवा ‘द्विहृदय’ या कल्पनेशी जोडतात. गर्भाचे हृदय व्यक्त झाले म्हणजे स्त्री दोन हृदयांची होते आणि तिच्या मुखाने गर्भच आपली इच्छा बोलून दाखवितो, असे आयुर्वेदाचे मत आहे. ही अवस्था सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यात सांगितली आहे, तर चरकसंहितेत तिचा उल्लेख तिसऱ्या महिन्याच्या वर्णनात येतो. इच्छा पुरविली नाही तर अपत्य कुबडे, लंगडे, ठेंगणे किंवा मंदबुद्धी होते, असा धाक सुश्रुताने घातलेला आहे. या धाकाचे सामाजिक फळ ध्यानात घेण्यासारखे आहे. एरवी ज्या घरात सुनेने तोंड उघडून काही मागणे अनुचित ठरे, तेथेही या काही महिन्यांत तिची मागणी पुरविणे हे कर्तव्य ठरले. मात्र त्या मागणीला अधिकार प्राप्त झाला तो गर्भामुळे. मातेची म्हणून ती मागणी मान्य झालेली नव्हती.

या परंपरेतील महाराष्ट्राची सर्वांत जुनी साक्ष हालाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त मिळते. महाराष्ट्री प्राकृतातील या संग्रहात एका दरिद्री घरातील गर्भिणीचे चित्र आहे. तिला डोहाळे विचारले जातात. आपल्या मागणीने पती अडचणीत येईल हे जाणून ती केवळ पाणी हवे असे सांगते. शास्त्राने इच्छा पुरविण्याचा नियम घातला होता, परंतु नियम पाळण्यास लागणारे धान्य आणि दूध त्याने पुरविलेले नव्हते. गाथाकाराने ही विसंगती कोणतेही भाष्य न करता टिपली आहे. पुढील सर्व विवेचनात ही गाथा स्मरणात ठेवणे उपयुक्त ठरेल, कारण पाण्याहून अधिक काही मागण्याचे बळ गर्भिणीला कशाने आले, हाच या इतिहासाचा मुख्य प्रश्न आहे.

डोहाळ्यांचा आणखी एक पैलू विदर्भातील पद्मपुराचा वारसा सांगणाऱ्या भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त दिसतो. गर्भवती सीतेला पुन्हा वन पाहण्याची इच्छा होते. ती पुरविण्याची सिद्धता होते आणि त्याच रथातून तिचा त्याग केला जातो. कौतुकाने पुरविलेली इच्छा आणि आश्रयाचा अधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे याहून स्पष्टपणे क्वचितच कोणी मांडले असेल.

२. शास्त्र, स्त्रियांचे बोलणे आणि सुईण

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात गर्भिणीची मासानुमासिक परिचर्या दिली आहे. पहिल्या महिन्यात दूध, दुसऱ्यात मधुर औषधींनी सिद्ध केलेले दूध, तिसऱ्यात मध व तूप घातलेले दूध, चौथ्यात लोण्यासह दूध, पाचव्यात दुधापासून काढलेले तूप आणि आठव्यात दूध-तुपातील यवागू असा तो क्रम आहे. नवव्या महिन्यात तैलबस्ती सांगितली आहे. तेलाने काठोकाठ भरलेले भांडे नेताना जसे जपावे तसे गर्भिणीस जपावे, ही उपमाही त्याच अध्यायातील होय. आजच्या दृष्टीने पाहता या आहारात स्निग्ध पदार्थ आणि दूध यांवर भर आहे. ज्या घरात गाय नाही त्या घरासाठी शास्त्राने पर्याय सांगितलेला नाही.

याच अध्यायातील एक स्थळ इतिहासाच्या अभ्यासकास विशेष महत्त्वाचे वाटेल. सातव्या महिन्यात पोटावर कंड सुटते व भेगा उमटतात. गर्भाला केस फुटू लागल्यामुळे हा दाह होतो, असे स्त्रिया म्हणतात, अशी नोंद तेथे असून आत्रेयाने ते मत नाकारून दोषांच्या गतीचे कारण दिले आहे. आधुनिक वैद्यक दोन्ही कारणे स्वीकारीत नाही. ताणल्या जाणाऱ्या त्वचेचा आणि संप्रेरकांचा तो परिणाम मानला जातो. परंतु ग्रंथकाराने स्त्रियांचे मत उद्धृत करून मग खोडले, यावरून ग्रंथाबाहेर स्त्रियांचे एक स्वतंत्र, मौखिक गर्भशास्त्र नांदत होते हे निःसंशय दिसते. महाराष्ट्रात ते शास्त्र सासू, आई आणि सुईण यांच्या मुखी राहिले. पहिल्या बाळंतपणास माहेरी जाण्याची चाल, तिसऱ्या महिन्यातील चोरओटी, पाचव्या-सातव्या महिन्यातील डोहाळेजेवण, हिरवे लुगडे, हिरवा चुडा आणि फुलांची वाडी, ही सर्व त्या शास्त्राची दृश्य अंगे होत. जात्यावरच्या ओव्यांत त्याचा मोठा साठा आहे. गी पॉइटेव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्याच्या खेड्यांतून केलेल्या ओव्यांच्या संकलनामुळे हे स्त्रीमुखातले साहित्य अभ्यासकांस उपलब्ध झाले आहे.

या मौखिक परंपरेतील काही निरीक्षणे अर्थपूर्ण आहेत. गर्भिणीला माती, राख किंवा खडू खावासा वाटतो, ही गोष्ट घरोघरी माहीत होती; कालिदासाच्या ‘रघुवंशा’तील सुदक्षिणेच्या मुखालाही मातीचा गंध येतो. आजच्या वैद्यकात या इच्छेचा संबंध रक्तातील लोहाच्या न्यूनतेशी जोडला जातो. बाळंतपणानंतर पाचव्या-सहाव्या रात्री सटवीची पूजा करून जागरण करण्याची चालही अशीच विचारार्ह आहे. प्रसूतिज्वर आणि नाळ अस्वच्छ हत्याराने कापल्याने होणारा नवजाताचा धनुर्वात, हे दोन्ही रोग बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच प्रकट होतात. भयाचा काळ कोणता हे समाजाने अचूक ओळखले होते. भयाचे कारण मात्र त्यास ठाऊक नव्हते, आणि जी सुईण आधार होती तिच्याच हातून अजाणता रोगाचा प्रवेश होई.

३. आनंदीबाईंचा प्रबंध

या दोन परंपरांचे, म्हणजे ग्रंथगत शास्त्राचे आणि भोगलेल्या अनुभवाचे, एका व्यक्तीत एकत्र येणे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घडले. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याण येथे झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना पुत्र झाला आणि तो दहा दिवसांत दगावला. वैद्यकाकडे वळण्याची प्रेरणा त्यांना या दुःखातून मिळाली. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली, त्या वेळी त्यांनी सादर केलेला प्रबंध आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर होता. आपल्या परंपरेला परकीय विद्वानांसमोर मान मिळावा ही तळमळ त्यामागे होती. परंतु त्याच परंपरेतील बालविवाहाने चौदाव्या वर्षीचे मातृत्व लादले होते, हा पेच त्यांच्या चरित्रात सुटलेला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले.

त्याच सुमारास संस्थात्मक बदलास प्रारंभ झाला. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांचा निधी स्थापन झाला, १८८६ मध्ये मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले आणि १९०३ च्या व्हिक्टोरिया स्मारक निधीतून सुईणींच्या शिक्षणाचे प्रयत्न झाले. तथापि या सर्व प्रयत्नांचा भर प्रसूतीच्या क्षणावर होता. त्याआधीच्या नऊ महिन्यांत स्त्रीने कोणते काम केले, काय खाल्ले आणि तिला विश्रांती मिळाली की नाही, हा प्रश्न वैद्यकाने नव्हे तर गिरणीने ऐरणीवर आणला.

४. मुंबई, १९२८–१९३१

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांत सुमारे एक-पंचमांश स्त्रिया होत्या. त्यांत कोकण आणि देशावरून आलेल्या मराठी स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने प्रसूतीपूर्वी व नंतर रजा आणि निर्वाहवेतन देण्याचा करार संमत केला. हे वेतन सार्वजनिक निधीतून अथवा विम्याच्या योजनेतून द्यावे, असे त्यात म्हटले होते. हिंदुस्थान सरकारला या प्रश्नाची चौकशी करण्यास सांगण्यात आले. मुंबई सरकारने त्यानुसार डॉ. बार्न्स या स्त्रीवैद्याकडे चौकशी सोपविली आणि १९२२ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. स्त्रिया दिवस भरत येईपर्यंत साच्यावर उभ्या राहतात आणि बाळंतपणानंतर कामावर जाता यावे म्हणून तान्ह्या मुलांना अफू चारून निजविले जाते, हे चित्र या चौकशीने अधिकृतपणे पुढे आणले. या स्त्रीची स्थिती गाथेतील गृहिणीहून फारशी निराळी नव्हती. गाथेतील गृहिणी पतीची अडचण जाणून डोहाळे आवरीत होती. गिरणीतील स्त्री रोजी बुडेल म्हणून विश्रांती आवरीत होती.

ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मातृत्वलाभाचे विधेयक आणले, पण ते फेटाळले गेले. पुढे मुंबई विधिमंडळात हा प्रश्न आला, तेव्हा २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकास पाठिंबा देणारे भाषण केले. मातेला प्रसूतीच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, हा त्यांचा पहिला मुद्दा होता. हित राष्ट्राचे असल्याने खर्चाचा मोठा भार वस्तुतः सरकारने उचलावयास हवा, हा दुसरा. परंतु सरकार तो उचलीत नसताना, स्त्रियांच्या श्रमापासून लाभ घेणाऱ्या मालकाने त्यातून अंग काढून घेणे न्याय्य नव्हे, हा तिसरा. १९२९ च्या मुंबई कायद्याने कारखान्यांतील स्त्रीस काही आठवड्यांच्या रजेसह रोजी आठ आणे देण्याची जबाबदारी मालकावर टाकली. देशातील असा हा पहिला कायदा होय. मध्यप्रांताने, ज्यात तेव्हा विदर्भ मोडत असे, १९३० मध्ये त्याचे अनुकरण केले.

त्याच शहरात, त्याच वर्षी दुसरी एक घटना घडत होती. ल्युसी विल्स या इंग्लिश स्त्रीवैद्य १९२८ मध्ये मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत गर्भिणींमध्ये आढळणाऱ्या एका गंभीर पांडुरोगाचे संशोधन करू लागल्या. डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी हाती घेतलेल्या मातामृत्यूंच्या चौकशीचा हा भाग होता. हा रोग गरीब घरांतील आणि गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांत विशेष दिसे. रोगजंतूंचा शोध घेऊन काही निष्पन्न झाले नाही. आहाराचा विचार केल्यावर मात्र यीस्टच्या अर्काने या स्त्रिया झपाट्याने बऱ्या होतात, असे आढळले. १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा करण्यात आला. आज गर्भिणीस लोह आणि फॉलिक आम्लाच्या ज्या गोळ्या दिल्या जातात, त्यांच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान असे परळमध्ये लिहिले गेले.

या दोन घटनांचा एकत्र विचार सहसा होत नाही, आणि तो व्हावयास हवा. विधिमंडळाने विश्रांती ही कृपा नसून देणे आहे असे ठरविले. प्रयोगशाळेने दाखविले की गर्भिणीचा क्षीणपणा हा दैवाचा किंवा गर्भधारणेचा अटळ परिणाम नसून अन्नाच्या अभावाचा आहे. दोन्हींचा निष्कर्ष एकच होता : जे गर्भिणीच्या नशिबी म्हणून सांगितले जात होते, त्यातील बराचसा भाग टाळता येण्यासारखा होता.

५. भार कोणाचा?

कायद्याचा परिणाम मात्र सरळ झाला नाही. पुढील दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण सतत घटत गेले. रात्रपाळीवरील बंदी, यंत्रांचे आधुनिकीकरण व कामाची पुनर्रचना ही त्याची कारणे अभ्यासक सांगतात; मातृत्वलाभाचा खर्च एकट्या मालकावर असणे हेही त्यांतील एक मानले जाते. प्रत्येकाचे प्रमाण ठरविणे कठीण असले तरी तर्क स्पष्ट आहे. स्त्रीच्या हक्काचा खर्च तिला कामावर ठेवणाऱ्यानेच सोसावयाचा असेल, तर तिला कामावर न ठेवणे हा त्यातून सुटण्याचा मार्ग उरतो. १९२८ च्या भाषणातील दुसऱ्या मुद्द्याकडे झालेल्या दुर्लक्षाची ही किंमत म्हणावी लागेल.

१९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने विम्याचा मार्ग काही प्रमाणात स्वीकारला. ती योजना १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे प्रथम सुरू झाली. १९६१ च्या मातृत्वलाभ कायद्याने प्रांतोप्रांतीच्या कायद्यांना एकरूपता आणून बारा आठवड्यांची सवेतन रजा दिली, पण विम्याबाहेरील स्त्रियांचा भार पुन्हा मालकावरच राहिला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास वा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर आवश्यक ठरले. या तरतुदी पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट करण्यात आल्या. रजा लांबली, परंतु खर्च कोणाचा हा १९२८ चा प्रश्न तसाच राहिला.

६. पिंपरी आणि तळवडे

या इतिहासात पिंपरीचे स्थान केवळ कारखान्यांचे गाव म्हणून नाही. १९५४ मध्ये तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही संस्था स्थापन झाली आणि १९५५ मध्ये पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. प्रसूतिज्वर हा हातांच्या अस्वच्छतेतून पसरतो, हे झेमेलवाइस यांनी व्हिएन्ना येथे १८४७ मध्ये दाखविले होते. १९३० नंतरच्या दशकात सल्फा औषधांनी आणि मग पेनिसिलीनने त्याची मारकता मोडली. सटवीच्या रात्रीचे भय ज्या रोगाने निर्माण केले होते, त्यावरील औषध तळवड्यापासून थोड्याच अंतरावर तयार होऊ लागले. भारतातून माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे २०१५ मध्ये मान्य झाले. महाराष्ट्रातील मातामृत्यूचे प्रमाण २०१८–२० च्या नमुना नोंदणीनुसार दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते. संपूर्ण देशाचे ते ९७ होते.

शास्त्राने दिलेल्या ज्ञानाचा दुरुपयोगही याच भूमीत झाला, हे नमूद केले पाहिजे. डोहाळेजेवणात झाकलेल्या वाट्यांतून पेढा निघाला तर मुलगा आणि बर्फी निघाली तर मुलगी, हा खेळ निरुपद्रवी होता, कारण त्यातून निष्पन्न काहीच होत नसे. परंतु पुंसवन संस्कारामागील जुनी इच्छा गर्भजल-परीक्षेच्या आणि पुढे सोनोग्राफीच्या हाती पडली, तेव्हा तिने मुलींच्या गर्भांचा घात केला. स्त्रीसंघटनांच्या आंदोलनानंतर महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा केला. देशातील तो पहिला होता, आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. गर्भिणीला जाणण्याचा अधिकार कोठे संपतो, हे ठरविण्याची पाळी येथे राज्यसंस्थेवर आली.

आजच्या तळवड्यात संगणक-उद्योगातील स्त्रीला सव्वीस आठवड्यांची रजा मिळते. विमाधारक कामगार स्त्रीसाठी चिंचवडच्या मोहननगरात कामगार विमा रुग्णालय आहे. महानगरपालिकेच्या दवाखान्यात रक्तदाब, रक्तातील हिमोग्लोबिन व वजन यांची नोंद होते. रक्तस्राव, चेहऱ्यावर सूज, तीव्र डोकेदुखी किंवा बाळाची हालचाल मंदावणे दिसताच तत्काळ यावे, ही सूचना आता आशा कार्यकर्तीच्या तोंडी आहे, जशी पूर्वी जपणुकीची सूचना सुईणीच्या तोंडी असे. हे सर्व खरे. परंतु ८ डिसेंबर २०२३ रोजी याच तळवड्यात वाढदिवसाच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनविणाऱ्या एका लहान कारखान्याला आग लागून अनेक स्त्री कामगार मृत्युमुखी पडल्या, तेव्हा कायद्याच्या नोंदवहीबाहेरील स्त्रीश्रमाचे जग क्षणभर सर्वांना दिसले. दहाहून कमी कामगारांची शेड, रोजंदारीची धुणीभांडी, बांधकामावरील पाटी आणि मालकाचे नावच नसलेले घरकाम, येथे काम करणाऱ्या गर्भिणीला सव्वीस आठवडे ही ऐकीव गोष्ट आहे. पहिल्या अपत्यासाठी २०१७ पासून मिळणारे प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये हीच तिच्यापुरती राज्यसंस्थेची प्रत्यक्ष पोच आहे. ही रक्कम रजेची भरपाई करण्यास अपुरी असली तरी तत्त्वतः महत्त्वाची आहे, कारण येथे मालकाला वगळून सार्वजनिक निधी थेट मातेपर्यंत पोहोचतो. १९१९ च्या करारातील आणि १९२८ च्या भाषणातील सूत्र तेच होते.

७. उपसंहार

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, गर्भिणीच्या गरजा महाराष्ट्रातील शास्त्राला आणि लोकाचाराला प्राचीन काळापासून माहीत होत्या. ज्ञानाचा अभाव हे तिच्या हालांचे एकमेव कारण कधीच नव्हते. दुसरी, डोहाळ्यांच्या परंपरेने तिला मागण्याची मुभा दिली, पण ती घराच्या ऐपतीवर आणि गर्भाच्या मोलावर अवलंबून ठेवली. तिसरी, १९२९ च्या कायद्याने त्या मुभेचे हक्कात रूपांतर केले, परंतु तो हक्क नोकरीच्या नोंदीशी बांधला गेल्याने ज्या स्त्रीची नोंद नाही तिच्यापाशी तो पोहोचला नाही. मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रीश्रमाचा अभ्यास बराच झाला आहे. पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यातील पहिल्या पिढीच्या कामगार स्त्रियांच्या बाळंतपणांचा इतिहास त्याच बारकाईने लिहिला जाणे आवश्यक आहे. त्याची साधने विमा-दवाखान्यांच्या नोंदी, ग्रामपंचायतींची जन्मरजिस्टरे आणि वृद्ध सुईणींच्या आठवणी ही होत, आणि त्यांतील शेवटचे साधन दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालले आहे. गाथेतील त्या गृहिणीने पाणी मागितले, कारण पाण्याला मोल पडत नव्हते. ज्या दिवशी पत्र्याच्या शेडमधील गर्भिणीला मोल पडणारी वस्तू, म्हणजे विश्रांती, निःसंकोचपणे मागता येईल, त्या दिवशी डोहाळ्यांपासून हक्कापर्यंतचा हा प्रवास पूर्ण झाला असे म्हणता येईल.